जर्मनीत नव्याने येताना: बँक, पगार, डिपॉझिट आणि पैशाचे बाकीचे व्यवहार

पाऊलवाट
नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात नोकरीसाठी स्टुटगार्टला येतोय. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना). बायको आणि मुलगी काही महिन्यांनी येतील. सुरुवातीला कंपनीने तात्पुरती सोय केली आहे, नंतरचं घर मलाच शोधायचंय.

गेले काही आठवडे वाचतोय आणि सगळं एकमेकांत अडकलेलं दिसतंय. पगारासाठी कंपनीला आयबान (युरोपातला बँक खाते क्रमांक) हवा. बँक म्हणते पत्त्याची नोंदणी दाखवा. नोंदणीला घर हवं. घरमालक म्हणतो पगाराच्या स्लिपा आणि शूफा (उधारीच्या इतिहासाचा दाखला) दाखवा. स्लिपा मिळायला पगार व्हायला हवा, पगाराला आयबान!

मला वाटतं, परदेशात पोचल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत पैसे किती आहेत यापेक्षा कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, यावर जास्त अवलंबून असतं. म्हणून विचारतो: सुरुवात कुठून करायची? मोबाइलवरची बँक घ्यावी की शाखा असलेली? सोबत किती रक्कम आणावी? आणि भारतातल्या खात्यांचं काय करायचं? चुकीच्या माहितीमुळे नुकसान झालेले लोक माझ्या ओळखीत आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

गार्गी_वि
स्वागत! क्रम सांगते.

कंपनीला जर्मनच आयबान हवा असा नियम नाही. सेपा क्षेत्रातल्या (युरोतल्या व्यवहारांची सामाईक यंत्रणा) कुठल्याही देशाचा आयबान त्यांना चालवून घ्यावाच लागतो. २०१२च्या युरोपीय नियमावलीत (क्रमांक २६०/२०१२, कलम ९) तसं स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे 'डीई'ने सुरू होणारा क्रमांक नाही म्हणून पगार अडवता येत नाही. अर्थात पहिल्याच आठवड्यात एचआरशी कायद्यावरून भांडत बसण्यापेक्षा जर्मन खातं काढणं सोपं. मोबाइलवरची बँक घ्या. ओळख पटवायला व्हिडिओ कॉल होतो. तुमचा पासपोर्ट व्हिडिओवर चालतो का हे आधी बघा. नाही चाललं तर पोस्टात जाऊन 'पोस्टइडेंट' करता येतं.

दुसरं, आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग', म्हणजे घर राहायला दिल्याचा दाखला लागतो. तात्पुरत्या अपार्टमेंटवाल्याकडून तो मिळणार का, हे कंपनीला आत्ताच ईमेल करून विचारा. इथे येऊन विचारू नका. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, तीही आत्ताच शोधायला लागा.

नोंदणी झाली की कर खात्याकडून अकरा आकडी श्टॉयर-आयडी (कर क्रमांक) पोस्टाने येतो. तो येईपर्यंत कंपनी तीन महिन्यांपर्यंत तुमचा संभाव्य करवर्ग धरून पगार देऊ शकते. त्यानंतरही क्रमांक दिला नाही तर सहाव्या वर्गाने कर कापला जातो, आणि तो सगळ्यात जड. पैसे नंतर परत मिळतात, पण हातात पैसा लागतो तो सुरुवातीलाच.

आणि एक, हे कुणी सांगत नाही: पत्रपेटीवर तुमचं नाव लावा. इथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, नाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. कार्ड, त्याचा पिन, कर क्रमांक, सगळं पोस्टाने येतं, आणि कार्ड नि पिन तर वेगवेगळ्या पाकिटांतून.

टिकलीभर_ऊन
पत्रपेटीच्या मुद्द्याला शंभर वेळा अनुमोदन. पासपोर्टवर जे आडनाव आहे तेच लावा. तात्पुरत्या घरात असाल तर पत्त्यात 'सी/ओ' लिहून पेटीवर ज्यांचं नाव आहे ते द्या.

हायडलबर्गकर
गार्गीताईंशी बऱ्याच अंशी सहमत, पण मोबाइल बँकेबद्दल माझं मत वेगळं आहे.

मी इथे बरीच वर्षं आहे. सुरुवातीपासून श्पारकासेत खातं. श्पारकासे म्हणजे त्या त्या शहराशी किंवा जिल्ह्याशी बांधलेली सार्वजनिक बँक. महिन्याला थोडं शुल्क घेतात, पण समोर माणूस असतो. रोख भरायची आहे, मुलांचं खातं काढायचंय, घरकर्जाची चौकशी करायचीय, किंवा खातं अचानक गोठलं, तर ज्याच्याशी बोलायचं तो खुर्चीवर बसलेला दिसतो. माझ्या एका सहकाऱ्याचं नुसत्या अ‍ॅपवरचं खातं तपासणीसाठी बंद झालं आणि घरभाड्याच्या तारखेला तो चॅटमध्ये यंत्राशी बोलत बसला होता. अशा वेळी फुकट खात्याची किंमत कळते.

शिवाय छोट्या दुकानांत, बेकरीत, औषधाच्या दुकानात अजून जीरोकार्ड (जर्मन बँकांचं देशी डेबिट कार्ड) नाहीतर रोख चालते. आंतरराष्ट्रीय डेबिट कार्ड सगळीकडे घेतीलच असं नाही.

गार्गी_वि
हायडलबर्गकर, मुद्दा मान्य. म्हणून मी दोन्ही ठेवते. पगार आणि भाडं शाखेच्या खात्यातून, रोजचा खर्च अ‍ॅपवरून. एक अडलं तर दुसरं असतं. फक्त पाऊलवाट यांना पहिल्या आठवड्यात शाखेची अपॉइंटमेंट मिळेल का, एवढाच प्रश्न आहे.

नवी_पालवी
मी विद्यार्थिनी आहे, आखेनला. आमची सुरुवात श्पेरकोंटोने होते, म्हणजे अडकवलेलं खातं. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो त्यात आधी भरायचे (सप्टेंबर २०२४पासूनचा आकडा) आणि इथे आल्यावर महिन्याला ९९२ युरोच बाहेर येतात. बरेच जण समजतात की हेच आपलं बँक खातं. तसं नाही! ते ९९२ युरो पडायला एक साधं चालू खातं वेगळं काढावं लागतं. ते होईपर्यंतच्या दिवसांसाठी हाताशी वेगळे पैसे ठेवा, डिपॉझिटची रक्कम तर नक्कीच. ९९२ मधून भाडं आणि डिपॉझिट एकाच महिन्यात भागत नाही.

अनामिक_आखाडा
प्रश्न: दोन बँकांनी मला नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. नोकरी आहे, व्हिसा आहे. आता काय करू?

टिकलीभर_ऊन
बाझिसकोंटो मागा. त्याच शब्दात मागा. २०१६च्या झाहलुंग्सकोंटेनगेझेट्स या कायद्यानुसार युरोपीय संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत खात्याचा हक्क आहे. पक्का पत्ता नसलेल्यांनाही, आश्रय मागणाऱ्यांनाही. सामान्य ग्राहकांना खाती देणाऱ्या कुठल्याही बँकेकडे अर्ज करता येतो. त्यांनी दहा कामकाजी दिवसांत खातं देऊ करायचं किंवा कायद्यात बसणारं कारण लेखी द्यायचं. अर्जाचा ठरलेला नमुना असतो. तो भरून पोच घ्या. तरीही नकार आला तर बाफिनकडे, म्हणजे बँकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे, तक्रार करता येते.

खात्यात उधारीची सोय नसते, बाकी पगार, भाडं, कार्ड, सगळं चालतं. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसतं असं नाही. पण आपण नुसतं 'खातं उघडायचंय' म्हटलं की ते नेहमीच्या खात्याचा विचार करतात आणि तिथे नाही म्हणायची त्यांना मोकळीक असते.

अनामिक_आखाडा
खूप आभार. हे कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच जातो.

रोहिणी_डोर्टमुंड
घर आणि डिपॉझिटबद्दल लिहिते, कारण नव्या माणसाची सगळ्यात मोठी रक्कम तिथेच अडकते.

डिपॉझिट (काउत्सिऑन) जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या 'थंड' भाड्याइतकं. थंड म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे खर्च वगळून. आणि ही रक्कम तीन समान हप्त्यांत देण्याचा भाडेकरूचा हक्क आहे: पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना, पुढचे दोन पुढच्या दोन भाड्यांबरोबर. नागरी कायद्याचं कलम ५५१. करारात 'सगळी रक्कम किल्लीच्या आधी' असं लिहिलं असेल तरी हा हक्क जात नाही. मालकाने ती रक्कम स्वतःच्या पैशापासून वेगळी ठेवायची असते, आणि व्याज भाडेकरूचं. आता हे खरं की घरासाठी रांग लागलेली असताना कुणी हप्त्यांचा आग्रह धरत नाही. पण ज्यांच्याकडे खरोखर तेवढी रक्कम नाही त्यांनी कर्ज काढण्याआधी हे कलम माहीत करून घ्यावं, एवढी कळकळीची विनंती.

शूफा: लोकांच्या उधारी-परतफेडीची नोंद ठेवणारी व्हीसबाडेनची खाजगी कंपनी आहे, १९२७ साली सुरू झालेली. सरकारी खातं नाही. तुम्ही नवे असाल तर तुमची नोंदच नसते. नोंद नसणं आणि नोंद वाईट असणं यात फरक आहे, आणि शहाणे घरमालक तो समजतात. त्यांना नोकरीचा करार, ब्लू कार्ड आणि कंपनीच्या एचआरचं पत्र द्या. काही महिन्यांनी तुमच्या नावाची माहिती काय साठली आहे ते बघायचं असेल तर डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १५खाली ती फुकट मिळते. संकेतस्थळावर पैसे देऊन घ्यायचा कागद वर दिसतो, फुकटचा शोधावा लागतो. मात्र हा फुकट कागद आहे तसा मालकाला देऊ नका, त्यात तुमच्या सगळ्या खात्यांचा तपशील असतो.

आणि घर न बघता, किल्ली न मिळता एक पैसाही पाठवू नका. 'मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो' म्हणणारा प्रत्येक जण चोर समजा. यात मला काहीही अपवाद दिसलेला नाही.

चकोर_बर्लिन
रोहिणीताई, प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीवर लावण्यासारखा.

थोडी गंमत: इथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजारांना टिंब. १.२०० म्हणजे बाराशे. माझ्या नवऱ्याला पहिलं भाडं १.२०० दिसलं तेव्हा दोन मिनिटं त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, सव्वा युरोत घर!

समीर_हॅनोफर
आणि हाताने लिहिलेला एक! वरून एवढी मोठी तिरकी रेघ देतात की आपल्याला तो सात वाटतो. त्यांचा सात म्हणजे मधे आडवी रेघ असलेला. हातानं लिहिलेला आयबान टाइप करताना हे लक्षात ठेवा. जर्मन आयबान २२ अक्षरांचा असतो आणि त्यात तपासणीचे आकडे असतात, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर यंत्रणा बहुधा पकडते. पण रकमेला अशी तपासणी नाही!

चकोर_बर्लिन
आता नाव पण तपासतात ना?

समीर_हॅनोफर
हो. ९ ऑक्टोबर २०२५पासून युरो क्षेत्रातल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी आयबान आणि नाव जुळतं का ते दाखवावं लागतं, तेही फुकट. जुळलं, जवळपास जुळलं किंवा नाही जुळलं, असं उत्तर येतं. आणि जानेवारी २०२५पासून दहा सेकंदांत पोचणारं तात्काळ हस्तांतरणही साध्यापेक्षा महाग ठेवता येत नाही.

आपल्याकडे पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं असतं. बँकेत तिन्ही लागतात, कंपनीत दोनच. मग पगाराला 'जवळपास जुळलं' येतं. घाबरायचं कारण नाही, पण सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव द्या म्हणजे प्रश्नच उरत नाही.

टिकलीभर_ऊन
लास्टश्रिफ्टबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? नव्या माणसाला ह्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते: समोरचा आपल्या खात्यातून थेट पैसे काढून घेतो! वीज, मोबाइल, विमा, जिम, रेडिओ-टीव्हीचं शुल्क (घरटी महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो), सगळे हेच मागतात.

खरं तर ग्राहकासाठी ही फार सुरक्षित पद्धत आहे. तुम्ही परवानगी दिलेली रक्कमसुद्धा कापल्यापासून आठ आठवड्यांत, कारण न सांगता, बँकेकडून परत मागता येते. परवानगी दिलीच नसेल तर तेरा महिन्यांपर्यंत. अ‍ॅपमध्ये त्या नोंदीवर जाऊन 'परत करा' दाबायचं. उलट तुम्ही स्वतः पाठवलेले पैसे परत मिळवणं महाकठीण. म्हणून अनोळखी कंपनीशी व्यवहार असेल तर मी आधी पैसे पाठवण्यापेक्षा लास्टश्रिफ्टच पसंत करते.

एक लक्षात ठेवा, पैसे परत घेतले म्हणजे देणं संपलं असं नाही. बिल खरं असेल तर ते देणं उभंच राहतं, वर दंड आणि वसुलीची पत्रं. वाद असेल तर सोबत लेखी हरकत पाठवा.

भाड्यासाठी मात्र डाऊअरआउफट्राग लावा, म्हणजे दर महिन्याला ठरल्या तारखेला आपोआप जाणारी रक्कम. आणि त्या तारखेला खात्यात पैसे आहेत का बघा, नाहीतर डिस्पोवर, म्हणजे खात्यावरच्या उधारीवर जाल. डिस्पोचं व्याज दहा टक्क्यांच्या वर असणं इथे सर्रास आहे. पहिल्या पगारानंतर लगेच बँक ही सोय देऊ करते. कमीत कमी मर्यादा ठेवा.

जुना_पांथस्थ
छान धागा. थोडं अवांतर. आम्ही जुनं कपाट विकत घेतलं, त्याच्या खणात मार्कच्या, म्हणजे युरोच्या आधीच्या जर्मन चलनाच्या नोटा निघाल्या. विकणाऱ्या आजीबाईंना परत नेऊन दिल्या तर त्या म्हणाल्या, आता याचा काय उपयोग? त्यांना घेऊन बुंडेसबँकेच्या (जर्मनीची मध्यवर्ती बँक) शाखेत गेलो. मार्क अजूनही बदलून मिळतो, मुदत नाही, शुल्क नाही. एका युरोला १.९५५८३ मार्क, पहिल्या दिवशी ठरला तोच दर. आजीबाईंनी त्याच पैशातून आम्हाला कॉफी पाजली.

चकोर_बर्लिन
किती गोड! रोख रकमेवर यांचं प्रेम आहे खरं.

हायडलबर्गकर
आता तेही कमी होतंय. एप्रिल २०२३पासून घर-जमीन रोखीने विकत घेता येत नाही. ५०० युरोची नोट २०१९पासून नव्याने निघत नाही, जुन्या चालतात. आणि पाऊलवाट, सोबत किती आणावं असं विचारलं होतंत: १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख घेऊन युरोपीय संघात येत असाल तर सीमाशुल्क विभागाला लेखी सांगावं लागतं. विदेशी चलन, प्रवासी धनादेश सगळं त्यात धरलं जातं. पण एवढी रोख आणायची गरजच काय? थोडे युरो खिशात आणि फॉरेक्स कार्डावर दोन महिन्यांचा खर्च पुरे. डिपॉझिटची रक्कम इथलं खातं झाल्यावर बँकेतूनच मागवा.

शिरीष_काका
मंडळी, भारतातल्या खात्यांबद्दल धागाकर्त्याने विचारलंय आणि सगळे नोटांच्या कपाटात शिरलेत. लिहितो.

नोकरीसाठी भारत सोडलात की फेमा (भारताचा परकीय चलन) कायद्याने तुम्ही अनिवासी. साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यायचं. भारतातलं भाडं, लाभांश, जुनी मुदत ठेव यांचे पैसे एनआरओमध्ये. इथून कमावून पाठवाल ते एनआरईमध्ये. एनआरईतले पैसे केव्हाही परत बाहेर नेता येतात. एनआरओतून आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, आणि कराचे कागद भरून. निघण्याआधी शाखेत जाऊन दोन्हींचे अर्ज समजून घ्या, आणि भारतातला मोबाइल नंबर रोमिंगवर चालू ठेवा. ओटीपी आला नाही की सगळं ठप्प.

आता महत्त्वाचं. एनआरईचं व्याज करमुक्त, असं सगळे सांगतात. ते भारतात करमुक्त. जर्मनीत राहणाऱ्याला जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. ते व्याज 'आनलागं काप' या फॉर्ममध्ये लिहायचं आणि २५ टक्के कर, त्यावर ५.५ टक्के अधिभार, मिळून २६.३७५ टक्के. माणशी १,००० युरो, जोडप्याला २,००० युरोपर्यंतचं व्याज-लाभांश माफ. एनआरओच्या व्याजावर भारतात कर कापला जातो. दोन्ही देशांच्या करारानुसार तो १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, त्यासाठी इथल्या कर कार्यालयाचा रहिवासाचा दाखला भारतीय बँकेला द्यायचा. तिथे भरलेले ते १० टक्के इथल्या करातून वजा होतात.

आणि हे लपत नाही. २०१७पासून दोन्ही देश खात्यांची माहिती आपोआप एकमेकांना देतात. बँकेत खातं काढताना 'कर कुठल्या देशात भरता' हा प्रश्न त्यासाठीच असतो.

समीर_हॅनोफर
काका, पण तरीही बचत भारतात ठेवणंच बरं नाही का? ठेवींवर व्याज इथल्यापेक्षा बरंच जास्त.

शिरीष_काका
समीर, व्याज रुपयांत मिळतं, खर्च तुझा युरोत. २०१७च्या सुरुवातीला सत्तरीच्या घरात असलेला युरो २०२५मध्ये शंभरी ओलांडून गेला. त्या काळात रुपयातली ठेव वाढली, पण युरोत मोजली तर फायद्याचा मोठा भाग रुपया घसरण्यात गेला, वर इथला कर. आई-वडिलांसाठी किंवा भारतात घर घ्यायला पैसे हवे असतील तर तिथे ठेव. पाच वर्षांनी इथेच घर घ्यायचं असेल तर इथे ठेव. पैसा जिथे खर्च होणार तिथल्या चलनात असावा, हे माझं ठाम मत. इथे प्रत्येक बँकेत माणशी एक लाख युरोपर्यंत ठेव कायद्याने सुरक्षित आहे.

समीर_हॅनोफर
पटलं. तरी थोडे तिकडे ठेवणार, आई-बाबांच्या औषधपाण्याला.

रोहिणी_डोर्टमुंड
पैसे पाठवताना 'शून्य शुल्क' वाचून भुलू नका. खरा खर्च दरात असतो. त्या क्षणाचा बाजारदर बघा, १,००० युरोला हातात नेमके किती रुपये पडणार ते दोन-तीन ठिकाणी तपासा, तेवढ्यावरच ठरवा.

आणि मोठ्या रकमांसाठी: बँकेच्या पत्रकावर 'एडब्ल्यूव्ही' असं काहीतरी दिसलं तर ती बुंडेसबँकेला आकडेवारीसाठी द्यायची माहिती आहे, कर नाही. जानेवारी २०२५पासून मर्यादा ५०,००० युरोच्या वरच्या व्यवहारांना. आधी १२,५०० होती, जुन्या लेखांत तोच आकडा दिसेल.

नवी_पालवी
माझ्या वर्गातल्या एकाला 'घरबसल्या काम' मिळालं होतं. खात्यात पैसे येणार, कमिशन ठेवून पुढे पाठवायचे. कृपा करून असं काही कुणी करू नका. ते चोरीचे पैसे असतात आणि खातं आपल्या नावावर, त्यामुळे पोलीस आपल्याच दारात येतात. नव्या विद्यार्थ्यांना मुद्दाम हेरतात. पैशाची अडचण असते, भाषा येत नसते. कार्ड हरवलं किंवा काही संशय आला तर ११६ ११६ हा नंबर, दिवसरात्र.

पाऊलवाट
सगळ्यांचे मनापासून आभार! पोचलो. अपार्टमेंटवाल्याने कागद दिला, कारण गार्गीताईंचं वाचून आधीच मागितला होता. नोंदणी झाली. अ‍ॅपवर खातं झालंय, श्पारकासेची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. पेटीवर नाव लावलंय, आडनाव पासपोर्टप्रमाणे. :)

नोंदणीच्या वेळी धर्म विचारला. काय लिहायचं कळेना.

टिकलीभर_ऊन
तो प्रश्न चर्चच्या करासाठी असतो. कॅथलिक, प्रोटेस्टंट वगैरे नोंदलेल्या सदस्यांना आयकराच्या ८ टक्के (तुमच्या राज्यात आणि बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात) किंवा ९ टक्के (बाकी सगळीकडे) जास्तीचा कर लागतो. तुम्ही तसे सदस्य नसाल तर हा कर नाही. पगाराच्या पहिल्या स्लिपवर चर्चच्या करासमोर शून्य आहे का तेवढं बघा.

पाऊलवाट
स्लिपवर शून्य आहे. पण करवर्ग पहिला लावलाय, आणि माझं लग्न झालेलं आहे. हे चुकलंय का? बायको-मुलगी डिसेंबरात यायचं ठरतंय, किंवा जानेवारीत, तिकिटं स्वस्त आहेत म्हणून.

शिरीष_काका
चुकलेलं नाही. बायको अजून भारतात राहते, म्हणून तुम्ही पहिल्या वर्गात. ती येऊन नोंदणी झाली की दोघं चौथ्या वर्गात जाल, मग हवं तर तीन-पाचसाठी (एकाला तिसरा वर्ग, दुसऱ्याला पाचवा) अर्ज करा.

पण जानेवारीची स्वस्त तिकिटं काढण्याआधी हिशेब करा! नवरा-बायको वर्षात कधीही एकत्र इथले रहिवासी झाले, अगदी डिसेंबरातसुद्धा, तर त्या पूर्ण वर्षासाठी एकत्र कर-विवरण भरता येतं. तिचं आधीचं भारतातलं उत्पन्न फक्त कराचा दर ठरवायला धरतात. ती नोकरी करत नसेल किंवा पगार तुमच्यापेक्षा बराच कमी असेल तर परतावा तिकिटांच्या फरकाच्या कितीतरी पट येऊ शकतो. राहायला आल्याची नोंदणी डिसेंबरच्या तारखेने हवी, एवढं पक्कं करा.

गार्गी_वि
आणि मुलीचा कर क्रमांक आला की किंडरगेल्टचा (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) अर्ज लगेच करा. ब्लू कार्डवर मिळतो. २०२६पासून महिना २५९ युरो. अर्ज उशिरा केला तर मागचे फक्त सहा महिने देतात.

पाऊलवाट
काका, बायकोला फोन लावला. डिसेंबरची तिकिटं काढतोय. ती विचारतेय, संयुक्त खातं काढायचं की तिचं वेगळं?

रोहिणी_डोर्टमुंड
तिचं स्वतःचं आधी. तिच्या नावाने नोंद तयार व्हायला लागते, उद्या मोबाइल, भाडेकरार, नोकरी सगळ्याला उपयोगी. मग घरखर्चाला संयुक्त खातं, आणि त्यात दोघांना स्वतंत्रपणे व्यवहार करता येतील असं 'ओडर-कोंटो' मागा. दोघांच्या सह्या लागणारं 'उंड-कोंटो' घेतलंत तर तुम्ही दौऱ्यावर असताना तिला भाडंसुद्धा भरता येणार नाही.